वाळूत न सापडलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी पिंप आहे. पोटात तेल होते तोवर मला किंमत होती. तेल संपल्यावर मी एका गॅरेजमागे गंजत पडले होते. तिथून मला एका माणसाने उचलून आणले, माझे झाकण कापले आणि पोटात वाळू ठासून भरली. तोंडाला जाड रबर लावून त्याला मधोमध भोक पाडले, मला लोखंडी स्टँडवर जरा तिरके बसवले आणि लाल रंग दिला. त्या दिवसापासून मला फारसे काही जाणवत नाही. वाळू भरली की असेच होत असावे.

तो माणूस हत्यारखोलीचा मास्तर होता. आमची कंपनी दुसऱ्यांची रोकड बंद गाड्यांतून पोहोचवते. गाडीबरोबर पहारेकरी असतात, त्यांच्या कमरेला पिस्तूल असते आणि काम संपल्यावर ते हत्यारखोलीच्या खिडकीत जमा करायचे असते. मी त्या खिडकीच्या अलीकडे उभी असते. पहारेकऱ्याने आधी माझ्यासमोर यायचे. पिस्तुलाची नळी माझ्या भोकात धरायची, गोळ्यांचे मॅगझिन काढायचे, मग वरची स्लाइड मागे ओढून नळीत डोळ्यांनी बघायचे आणि शेवटी माझ्यावरच चाप ओढायचा. पिस्तूल रिकामे असेल तर नुसते टक् वाजते. चुकून एखादी गोळी राहिली असेल तर ती मी गिळते आणि सगळे धडधाकट घरी जातात. एवढेच माझे काम.

प्रत्येकाला माझ्यासमोर वाकून उभे राहावे लागते, म्हणून पहारेकऱ्यांनी माझे नाव सासूबाई ठेवले. तेव्हापासून मीही स्वतःला बाईमाणूसच समजते. सुरुवातीच्या वर्षांत मी बऱ्याच गोळ्या गिळल्या. गोळी सुटली की तो पहारेकरी पांढराफटक पडायचा. मग मास्तर मला थोपटून म्हणायचा, "गुणाची गं बाई माझी!" माझे कौतुक झाले ते तेवढेच.

मास्तर निवृत्त झाला आणि खिडकीत ताई बसू लागली. तिला सगळेच ताई म्हणत, पण ती सख्खी ताई होती ती एका पहारेकऱ्याची. त्याला सगळे हिरो म्हणायचे. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी त्याचा भांग पाडायचा शौक गेला नव्हता.

मित्रांनो, माझ्यासमोर येणारा जवळजवळ प्रत्येक जण बंदुकीचे शिक्षण सिनेमातून घेऊन यायचा. गोळी लागली की माणूस चार हात मागे उडतो. टेबल आडवे पाडून त्याच्यामागे लपले की गोळी येत नाही. गोळी बाहेर काढली की माणूस वाचलाच. हवेत झाडलेली गोळी हवेतच विरून जाते, असे तर एका दाढीवाल्याने मास्तरला छातीठोकपणे सांगितले होते. ती खाली कुणाच्या तरी घरावर, कुणाच्या तरी डोक्यावर पडते, हे त्याच्या गळी उतरवता उतरवता मास्तरच्या नाकी नऊ आले. हिरो तर या शिक्षणात पहिल्या नंबरचा.

"खांद्याला लागलेली गोळी म्हणजे काहीच नाही गं ताई," तो एकदा खिडकीवर रेलून म्हणाला. "वर रुमाल बांधायचा आणि पुढच्या मारामारीला जायचं."

"बोटात कुसळ गेलं तर तू अख्खं घर डोक्यावर घेतोस," ताई म्हणाली. "जा आधी, सासूबाईंना तोंड दाखवून ये."

तो हसत हसत यायचा. पण यायचा.

पुढे पहारेकऱ्यांचे हात सरावले आणि माझ्या पोटात गोळी येईनाशी झाली. एक वर्ष गेले, दुसरे गेले. मी आहे तरी कशाला, असे लोकांना वाटू लागले. कुणी माझ्यावर छत्री वाळत घालायचा, कुणी रबराच्या भोकात चॉकलेटचा कागद कोंबायचा. एक दिवस नव्या गणवेशांची खोकी आली. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून माझ्यासमोरच रचली. दोन दिवसांत उचलतो, असे सांगितले होते. पहारेकरी आता खिडकीसमोरच मॅगझिन काढून ताईला दाखवू लागले. मॅगझिन निघाले म्हणजे पिस्तूल रिकामे, हेही त्यांना पाठच होते. ताई रोज म्हणायची, "अरे, ती खोकी हलवा रे कुणीतरी." सगळे हो म्हणायचे. खोक्यांवर धूळ बसली.

त्या दुपारी बहीणभावाला घाई होती. त्यांच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि त्या दिवशी पट्टी निघणार होती. पट्टी निघाली की पहिल्यांदा तुम्हां दोघांनाच बघायचंय, असा आईचा हट्ट होता. ताईने पिशवीत आईचा काळा चष्मा आणि मऊ भाताचा डबा भरून ठेवला होता. हिरो गाडीवरून उतरला तो धावतच आला. खोक्यांपाशी तो क्षणभर थांबला. एक खोके त्याने उचललेही.

"राहू दे रे आज," ताई म्हणाली. "आई वाट बघत असेल. दे इकडे."

त्याने खोके खाली ठेवले. मित्रांनो, हे मी पाहिले. मला तोंड आहे, पण त्याला रबर लावलेले आहे.

त्याने घाईत क्रम उलटा केला. आधी स्लाइड ओढली, मग मॅगझिन काढले. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की वरची गोळी मुकाट्याने नळीत जाऊन बसते. बाहेरून काही दिसत नाही. त्याने मॅगझिन खिडकीत ठेवले. "हे बघ, पिस्तूल रिकामं," तो म्हणाला. तो काही बेफिकीर नव्हता. माणसावर नेम नको म्हणून त्याने नळी खिडकीखालच्या भिंतीकडे वळवली आणि टक् ऐकायला चाप ओढला.

ती भिंत प्लायवूडची होती. रंग दिला होता म्हणून पक्की वाटायची. तिच्यामागे ताई पिशवी उचलायला वाकली होती.

ताई मागे उडाली नाही. पाय दुखल्यावर बसावे तशी ती खाली बसली. "अरे, काहीतरी गरम लागतंय," एवढेच म्हणाली. हिरोच्या कानांत दडे बसले होते. तो ताई, ताई म्हणून ओरडत होता आणि त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. खिशातून रुमाल काढून त्याने तिच्या खांद्यावर दाबला. रुमाल भिजला. तो घडी घालून पुन्हा दाबत राहिला. पुढे माणसे आली आणि तिला घेऊन गेली. भाताचा डबा खिडकीतच राहिला. आईची पट्टी निघाली तेव्हा समोर नर्स होती.

खोकी त्याच संध्याकाळी हलली. दोघांनी दोन फेऱ्यांत उचलली. एवढेच काम होते ते.

ताई वाचली. काही महिन्यांनी ती पुन्हा खिडकीत बसू लागली. लोक येतात आणि म्हणतात, "खांद्यावर निभावलं, नशीब." ती हो म्हणते. तिचा उजवा हात वर जात नाही आणि बोटे बधिर आहेत. अंबाडा घालता येत नाही, म्हणून तिने केस कापले. डाव्या हाताने सही करायला शिकली. डॉक्टरांनी गोळी काढलीच नाही. काढायला गेलो तर उरलेल्या नसाही जातील, म्हणाले. ती आतच आहे.

भाऊ आता पिस्तुलाला हात लावत नाही. त्याला हिरो म्हणणेही लोकांनी आपणहून सोडले. माझी वाळू चाळून बदलायचे काम त्याने मागून घेतले. दोघे एकत्र येतात, एकत्र जातात. त्या दुपारविषयी बोलत नाहीत. "राहू दे" हा शब्द मात्र ताई आता वापरत नाही, हे माझ्या लक्षात आले आहे. मला त्याचे वाईट वाटते का? वाटत असावे. वाळूत खोल कुठेतरी.

मित्रांनो, रिकामी म्हणून कुणी बंदूक दाखवली तरी तिला हात लावू नका. तिथून दूर व्हा आणि मोठ्या माणसाला सांगा. आणि मोठे झाल्यावर माझ्यासारखे एखादे पिंप तुमच्या वाटेत उभे असेल, तर त्याला खुशाल हसा, सासूबाई म्हणा, पण त्याच्यासमोर खोकी रचू नका.

काल ताईच्या भावाने माझी वाळू अंगणात काढली आणि चाळणीने चाळली. मूठमूठ घेऊन, सावकाश. ताई खिडकीतून बघत होती.

"सापडली का रे एखादी?" तिने विचारले.

"नाही, ताई."

तो चाळतच राहिला. माझ्या पोटात यायची ती गोळी तिच्या खांद्यात आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.