माती भिजवू की सिमेंट कालवू?

"बठ्ठा ओटा खाई टाकी हाऊ उतार. मंग मी बसू कोठे, तुना डोकावर?"

उताराने सगळा ओटाच जाणार म्हणून भागाबाई सुनेची वेणी घालता घालता पुटपुटली, ते थेट दिपमालाच्या कानात. रागाचा एक हिसका वेणीलाही बसला. दिपमालाने मान हलवली नाही. सासूचं तोंड वाजतं तेव्हा हात मायेनेच चालतात, हे तिला ठाऊक होतं.

वेचणीच्या दिवसांत कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून ती पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. धुळ्याच्या दवाखान्यातून चाकाची खुर्ची घेऊन सोनगीरला आली, ती घराच्या ओट्यावर अडकली. ओटा मांडीइतका उंच, संडास अंगणाच्या कोपऱ्यात. खाली उतरायचं तर नवऱ्याने, भूषणने, खुर्ची मागून धरायची आणि शेजारच्या गिरधरने पुढून. दोघं शेतात गेले की दिपमाला संध्याकाळपर्यंत पाण्याला तोंड लावत नसे. भागाबाईने तांब्या पुढे केला की म्हणायची, "तहान नाही." भागाबाई तांब्या परत नेऊन ठेवायची. दोघींनाही कळायचं.

घरात तसं सगळं बोललं जाई, एक सोडून. डॉक्टरांनी भूषणला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते दिपमालाने पडद्याआडून ऐकलं होतं आणि भागाबाईने लेकाच्या तोंडावर वाचलं होतं. पण वास्तू तथास्तु म्हणते, घरात वाईट बोलू नये. म्हणून तिघंही म्हणत, "संक्रांतीपर्यंत चालायला लागशील." संक्रांत तीळगूळ वाटून निघून गेली. मग तिघंही अखाजीचं, अक्षय्य तृतीयेचं, नाव घेऊ लागले.

खुर्चीसाठी उतार बांधायला आलेला निंबा गवंडी अंगणात विटांच्या ढिगापाशी उभा होता. त्याने ओट्यावरच्या भूषणला विचारलं, "भाऊ, कच्चा उतार की पक्का? कच्चा म्हणजे मातीत विटा, नको तेव्हा उखडा. पक्का म्हणजे सिमेंट, मग तो घराचाच. काय ते आज सांगा. उद्यापासून मी साक्रीला कामावर."

"कच्चाच कर रे," भागाबाई म्हणाली. "अखाजीलगून ती चालाले लागी, मंग काढी टाकू."

"मातीतल्या विटा चाकाखाली हलतील," दिपमाला म्हणाली. "दवाखान्यात होता तसा हवा. लांब, कमी चढाचा. तिथे मी माझ्या हाताने चढायचे."

"मी म्हणतो, नवा हवाच कशाला?" भूषणने मोटरसायकल चढवायला ओट्याला टेकवलेल्या उताराकडे बोट दाखवलं. अरुंद, आणि छातीवर यावा असा उभा. "मोटरसायकल चढते, मग खुर्ची नाही चढणार?"

"मोटरसायकलला इंजिन असतं."

"खुर्चीला मी आहे ना!"

"आणि तुम्ही शेतात असता तेव्हा?"

भूषणने खुर्चीच्या मुठी धरल्या आणि तिला उताराच्या तोंडाशी आणलं.

"अहो, थांबा..."

पुढची चाकं खाली लागली आणि खुर्चीने ओढ घेतली. एक मोठं चाक कडेवरून बाहेर गेलं. खुर्ची कलली. दिपमालाला समोर आकाश दिसलं, मग विटांचा ढीग. निंबा थापी टाकून धावला आणि त्याने खांदा लावला. भागाबाईने हातातल्या कंगव्यासकट खुर्चीचा दांडा पकडला. तिचा तळवा सोलवटला, पण तिने सोडला नाही. तिघांनी मिळून खुर्ची ओट्यावर ओढून घेतली.

भूषण भिंतीला टेकून घामाघूम झाला होता. दिपमालाचे दोन्ही पाय पायटेकावरून घसरून लोंबत होते. तिने एक पाय हाताने उचलला आणि जागेवर ठेवला. मग दुसरा. भूषण गेटकडे बघत राहिला. भागाबाई सोललेल्या तळव्यावर फुंकर घालत राहिली.

निंबाने थापी उचलून झटकली. "मग? माती भिजवू की सिमेंट कालवू?"

"माती," भूषण म्हणाला. "म्हणजे... सध्यापुरती."

"हां, सध्यापुरती," भागाबाईने लगेच री ओढली. "अखाजी काय दूर शे का?"

निंबा पाण्याच्या बादलीकडे वळला.

"निंबाभाऊ, सिमेंट कालवा," दिपमाला म्हणाली. "भिंतीच्या कडेने, पार गेटपर्यंत."

"अवं पोरी, असं काय..."

"आई, मी आता चालणार नाही."