वाकड्या करंगळ्या

बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला नऊ वर्षं झाली. पत्र चारच ओळींचं होतं. ‘दादा, आई गेल्यापासून सारखं वाटतं, आपली शरीरं वेगळी नाहीतच, सगळ्यांचं मिळून एकच आहे. मग आई गेली कुठे? तू एवढी पुस्तकं वाचतोस, तुला हे पटतं का?’

दादा कृत्रिम हात घडवणारा कारागीर. तोलामोलाचं उत्तर द्यावं म्हणून त्याने पुस्तकं पालथी घातली, चार कागद लिहून फाडले. मग उशिराची लाज वाटू लागली, आणि लाजेपायी आणखी उशीर. तिच्या आठवणीविना मात्र एक दिवस गेला नाही.

एक हात गेलेल्या माणसाच्या उरलेल्या हाताचा साचा घ्यायचा आणि त्याला जोड घडवायची, ही त्याची रीत. पण लॉन्ड्रीत काम करणाऱ्या एका बाईंचे दोन्ही हात यंत्रात गेलेले. साचा घेणार कशाचा? त्याने अंदाजानेच मेणात हात कोरले, मग रबरात ओतले.

आज ते बसवल्यावर बाई निरखून म्हणाल्या, “काका, दोन्ही करंगळ्या वाकड्या हो! माझ्या सरळसोट होत्या.”

त्याने वाकून करंगळ्या पाहिल्या. “चुकलंच माझं. बहिणीच्या आहेत त्या. नकळत उतरल्या.”

“असते कुठे ती?”

“लांब. भांडण नाही हो. माझंच पत्र राहिलंय.”

“मग हेच हात राहू देत. नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालायला करंगळी कशीही चालते. तुम्ही आधी पत्राचं बघा.”

निघताना बाईंनी सवयीने दार खांद्याने ढकललं. मग थबकून नवा हात दारावर टेकवला आणि पुन्हा ढकललं. त्याला वाटलं, धाकटीच निघाली.

त्याने एकही पुस्तक न उघडता कागद ओढला आणि लिहिलं, ‘धाकटे, पटतं का ते अजून नीट सांगता येत नाही. पण आज एका बाईने तुझ्या हाताने माझं दार उघडलं आणि मला रडू आलं. ये. नाहीतर मी येतो.’

‘रडू आलं’ खोडावंसं वाटू लागलं. तेवढा वेळच मिळू नये म्हणून त्याने पाकीट चिकटवलं, तोंडपाठ पत्ता लिहिला, चपला अडकवल्या आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पत्र टाकलं.