बाहुली हलेपर्यंत

मी विजेरी बोलतेय. रानात राखणीला नेतात तसली दांडगी नव्हे. डॉक्टरच्या खिशाला पेनासारखी अडकते ना, तसली. पितळी अंगाची, डाळीएवढ्या दिव्याची. माझा उजेड दोन हातांपलीकडे जात नाही. पण माणूस एवढ्या जवळ आला की त्याला फारसं काही लपवता येत नाही, हे मी पक्कं शिकले आहे.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? आठवतो तो डॉक्टर टटल यांचा खिसा. अमेरिकेतल्या आर्कान्सातला कपाशीचा मुलूख, उन्हाळ्यात नाकातोंडात जाणारी धूळ, आणि त्या धुळीतून खडखडत जाणारी त्यांची मोटार. गावातल्या अर्ध्या लोकांचे घसे मी आतून पाहिले आहेत.

मग रॉइस पिकेटने जुनं दुपंखी विमान घेतलं आणि कपाशीवर विष फवारायचा धंदा मांडला. तिथले लोक त्याला विषच म्हणत, औषध वगैरे नाव द्यायच्या भानगडीत कुणी पडत नसे. डॉक्टर त्याच्या घरी गेले, स्वयंपाकघरात बसून बर्फाचा गोड चहा प्यायले आणि मला त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या, हातात ठेवलं.

"व्हर्ना पोरी, नवऱ्याला विमानात चढू देण्याआधी रोज त्याचे डोळे बघायचे."

"त्याचे डोळे बघूनच तर फसले, डॉक्टर," व्हर्ना म्हणाली.

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "ऐक. शरीराच्या घरात दोन जावा कारभार करतात, आपल्याला न विचारता. थोरली सदा घाईत. ती म्हणते, पळा, लढा. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. धाकटी म्हणते, बसा, जेवा. तोंडाला पाणी सुटतं, पोट चालतं, बाहुल्या बारीक होतात. धाकटीचा निरोप पोचला की तो झाडून टाकायला एक झाडूवाला असतो. हे विष त्या झाडूवाल्याचे हात बांधतं. मग निरोपांचा ढीग साचतो. लाळ, घाम, पोटात कळा, छातीत पाणी. माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो."

"आणि ह्या गोळ्या?" रॉइसने टेबलावरची पत्र्याची डबी उचलली.

"अॅट्रोपिन. ऐकणाऱ्यांच्या कानात बोळे घालतं, म्हणजे धाकटी ओरडली तरी कुणी ऐकत नाही. पण ढीग तसाच राहतो हं! त्रास सुरू झाला तरच घ्यायची, आणि तडक माझ्याकडे यायचं. आधी घ्यायची नाही. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तर त्या दिवशी विमान जमिनीवर. कळलं?"

व्हर्नाने त्यातलं शेवटचं वाक्य पदराला गाठ मारावी तसं लक्षात ठेवलं. बारीक बाहुली वाईट.

काय सकाळी होत्या त्या! वारा पडलेला असतानाच फवारणी करायची, म्हणून घर उजाडायच्या आत उठे. चुलीवर कॉफी उकळायची. व्हर्ना दोन्ही हात अॅप्रनला पुसून मला उचलायची आणि म्हणायची, "दाखव डोळे." रॉइस खुर्चीत मान वर करून बसे. माझा उजेड पडला की त्याच्या निळसर डोळ्यातली बाहुली झटकन आकसायची. मला तर वाटायचं, ती मला रामराम करते. आणि व्हर्ना पुरती वाकली की हा गडी हटकून तिचा मुका घ्यायचा.

"तंबाखूचा वास येतो, मेल्या!"

"विषाच्या वासापेक्षा बरा."

रॉइसला तंबाखू चघळायची भारी खोड. ओसरीवरून गुलाबाच्या वाफ्यात अशी नेमकी पिंक टाकायचा की व्हर्ना बोटं मोडायची. बाहुली बारीक असली तर मात्र ती बोलायचीच नाही. मला खाली ठेवायची आणि त्याचं हेल्मेट कपाटात कुलूपबंद करायची. तो आदळआपट करी, मग अंथरुणात जाऊन झोपे. ते दिवस आठवले की अजूनही मला उजळून आल्यासारखं वाटतं. सेल संपत आले तरी.

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. अळीने शेतंच्या शेतं पोखरली. शेतकरी दारात उभे राहू लागले. रॉइसची बाहुली वरचेवर बारीक दिसू लागली आणि हेल्मेट कपाटात जाऊ लागलं. शब्द दिलेली शेतं डोळ्यांदेखत काळी पडत होती, आणि तो घरात पंख्याखाली बसलेला. त्याला ते सहन होईना.

एका सकाळी मात्र बाहुल्या मोठ्या दिसल्या. चांगल्या टपोऱ्या.

"जा राजा, उड," व्हर्ना म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

माझा नव्हता पडला. मी उजेड टाकला होता आणि बाहुली आकसली नव्हती. ती नुसती उघडी होती, मालक घरात नसताना दार उघडं राहावं तशी. पण विजेरीला तोंड असून वाचा कुठे असते?

त्या आठवड्यात व्हर्ना खुशीत होती, कारण रॉइसने तंबाखू सोडली होती. तिने शेजारणीला कुंपणावरून सांगितलंसुद्धा, "माझ्यासाठी सोडली गं! बारा महिने डोकं फोडलं, तेव्हा कुठे." रॉइसने तिला तसंच समजू दिलं. थुंकायला तोंडात थेंबभर ओल नसेल तर तंबाखू चघळणार कशी? तो घटाघटा पाणी पीत होता. चेहरा लाल आणि शर्ट मात्र खडखडीत कोरडा. आर्कान्सातल्या जुलै महिन्यात कोरडा शर्ट! धुणं धुणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं, पण सुखाच्या बातमीवर माणूस शंका घेत नाही.

शेवटी कळलं ते मुक्यामुळे. ती वाकली, त्याने सवयीने मुका घेतला, आणि ती दचकून मागे सरली.

"ओठ का रे असे? कागदासारखे?"

"उन्हाने."

तिने मला पुन्हा पेटवलं आणि या वेळी थांबली. बाहुली हलेना. दुसरा डोळा. तीही हलेना. मग ती उठून कपाटापाशी गेली आणि डॉक्टरांची डबी उघडली. डबी जवळजवळ रिकामी होती.

"सगळे वैमानिक घेतात," रॉइस म्हणाला. "सकाळी दोन टाकायच्या, दिवस निभावतो. मला काही होत नाहीये. बघ, डोळे स्वच्छ, घाम नाही, कळा नाहीत."

"विमान आज उडणार नाही."

"नदीकाठचं शेत आजच फवारायचंय. मी शब्द दिलाय."

"मलाही दिला होतास एक, चर्चमध्ये!"

तो हेल्मेट घेऊन बाहेर पडला. व्हर्नाने काय करावं? ती धावत त्याच्या पुढे गेली, पंखावर चढली आणि अॅप्रनसकट वैमानिकाच्या जागेवर जाऊन बसली. मी तिच्या मुठीत होते.

"उतर खाली, व्हर्ना."

"उतरव."

तो हसत पंखावर चढला. पिठाची पोती काखेत मारून नेणारा माणूस तो. लग्नात त्याने तिला अशीच अलगद उचलली होती. त्याने तिच्या बगलेत हात घातले आणि ओढलं. ती जागची हलली नाही. त्याने पुन्हा जोर केला. त्याचे हात थरथरू लागले, आणि दंडाचं मांस कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसं वळवळायला लागलं. त्याचं हसू मावळलं.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "तू जड नाहीयेस गं. माझ्या हातांत काहीच उरलं नाही."

व्हर्नाने त्याला तडक डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दारातच ओळखलं. "गोळ्यांनी घाम थांबवला, लाळ थांबवली, बाहुल्या मोठ्या केल्या. हातापायांना त्या पोचतच नाहीत! विष आत साचत गेलं आणि तुम्ही दोघं मोठे डोळे बघून खूश!" गोळ्यांचा जोर उतरला आणि साचलेलं सगळं एकदम उसळून आलं. रॉइसच्या छातीत पाणी खुळखुळू लागलं. व्हर्ना मला घेऊन त्याच्या डोळ्यांवर वाकली, तेव्हा डॉक्टरांनी मला तिच्या हातून काढून बाजूला ठेवलं. "डोळे पुरे झाले आता. छाती ऐकायची." ते सुई टोचत राहिले आणि छाती कोरडी होईपर्यंत ऐकत राहिले. शहरातून एक नवं औषध आणवलं. ते म्हणे झाडूवाल्याचे बांधलेले हात सोडवतं. मी ट्रेमध्ये पडून होते. मला राग आला नाही. तो वाचावा, एवढंच वाटत होतं.

तो वाचला. नदीकाठची कपाशी गेली. बरा झाल्यावर त्याने विमान विकलं आणि गुलाबाच्या वाफ्यात पिंक टाकायला पुन्हा सुरुवात केली. पहिली पिंक पडली तेव्हा व्हर्ना ओसरीवर बसून रडली.

त्यानंतर मी खणात गेले. फ्यूज उडाला की तेवढी बाहेर निघायची. पुष्कळ वर्षं गेली. रॉइस म्हातारपणाने गेला, भर दुपारी, स्वतःच्या पलंगावर. नर्स चादर ओढू लागली तर व्हर्ना म्हणाली, "थांब जरा." काठी टेकत ती स्वयंपाकघरात आली आणि तिने मला काढलं.

"दाखव डोळे," ती म्हणाली.

मी उजेड टाकला. निळसर डोळा, मोठी बाहुली. ती थांबली. दुसऱ्या डोळ्याशी गेली, तिथेही थांबली. मग वाकून तिने त्याचा मुका घेतला.

"कोरडे," ती म्हणाली. "पुन्हा गोळ्या खाल्ल्यास काय रे?"

आता मी त्याच खणात आहे, दोरा आणि बाटल्यांच्या बुचांबरोबर. दिवा पिवळा पडलाय, बटण अडकतं. माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या डोळ्यांत उजेड टाकलात, तर बाहुली मोठी की बारीक एवढंच बघून उठू नका. ती हलेपर्यंत थांबा. आणि नाहीच हलली, तरी थोडं थांबा. व्हर्ना थांबली होती.