दोराला दोन हिसके

विहीर खणणारा माणूस आपला दोर परक्याच्या हाती देत नाही. होमात नावाचा खणणारा खाली उतरायचा तेव्हा दोर त्याच्या बायकोच्या, ओगुलनाबातच्या हातात असायचा. आता होमात नव्हता. त्याचा धाकटा भाऊ चारी खाली उतरत होता आणि दोर अजून तिच्याच हातात होता. एक हिसका म्हणजे वाळूची बादली वर घ्या. दोन हिसके म्हणजे मला वर घ्या. तीन हिसक्यांचा अर्थ कुणी ठरवलाच नव्हता. दोन आले की माणूस वर यायलाच हवा.

तिच्या हातातून जाणाऱ्या दोराचं दुसरं टोक लाकडी चाकावरून सांडणीच्या खोगिराला बांधलेलं असे. ओगुलनाबातनं हात वर केला की सासरा, तागान आगा, सांडणीला पुढे हाके, आणि ती एकेक पाऊल विहिरीपासून दूर जाई तसं खालचं ओझं वर येई.

भोवती ताकीर पसरलेलं होतं. वाळूच्या टेकड्यांमधली ही मातीची सपाट जमीन उन्हानं तडकून मडक्याच्या खापरांसारखी झाली होती. थंडीत पडलेला थोडका पाऊस तिच्यावर साचतो आणि खाली झिरपून खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याची पातळ साय धरतो. सरकारी संशोधन केंद्राला ती साय हवी होती. पलीकडच्या टेकड्यांत गंधकाची खाण उघडली होती. तिथल्या माणसांना प्यायला पाणी लागे, आणि ताकीरच्या कडेला केंद्रानं पांढऱ्या खुंट्या ठोकून पेरलेल्या जवाला आणि खरबुजांनाही. केंद्राचा भूगर्भवाला प्योत्र ल्वोविच दूर उत्तरेकडून आला होता. माणूस भला होता, फक्त ऊन लागलं की नाकाचं सालपट निघायचं, आणि चारी त्याला म्हणायचा, "साहेब, तुम्ही पण आमच्या जमिनीसारखे तडकलात की!"

होमातची विहीर हाकेच्या अंतरावरच होती. होती म्हणजे, आता तिथं फक्त एक खळगा होता. गेल्या शरदात होमात खाली असतानाच मातीची कड आत सरकली आणि वाळू पाण्यासारखी वाहत गेली. खणायचा प्रयत्न झाला, पण जितकी काढावी तितकी वाळू पुन्हा भरे. शेवटी मुल्लांनी वरूनच दुआ म्हटली. देह नाही, म्हणून खांदा नाही. रडणंही अर्धवटच राहिलं.

एक गोष्ट ओगुलनाबातलाच माहीत होती. वाळू सरकायच्या आधी दोराला दोन हिसके बसले होते.

तिनं हात वर केला होता. दोन्ही हात केले होते. पण सासऱ्याची पाठ होती. केंद्राचा ट्रक धुरळा उडवत येत होता आणि तो तिकडे पाहत होता. आणि तिच्या दातांत ओढणीचं टोक होतं. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून ते टोक सासऱ्यासमोर तिच्या दातांतून सुटलं नव्हतं. सुनेनं सासऱ्याच्या कानावर आपला आवाज पडू द्यायचा नसतो. माहेरी चांदण्यात मैत्रिणींबरोबर गाणारी, तीन टेकड्यांपलीकडचे मेंढपाळ जिचा गळा ओळखायचे ती पोर, त्या क्षणी मुकी उभी राहिली. सासऱ्यानं मान वळवली तेव्हा दोर ढिला पडलेला होता.

कुणी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर कशानं देणार?

तागान आगा मनानं वाईट नव्हता. सुनेशी थेट बोलायचं नाही म्हणून तो सांडणीमार्फत बोले. "ए बाई," सांडणीची मान खाजवत तो म्हणे, "आमच्या सूनबाईला सांग, चहा जरा गडद कर म्हणावं. कालचा चहा उंटाच्या मुतासारखा होता. राग मानू नकोस, तुला नाही म्हटलं." चारी हसून लोळायचा. ओगुलनाबातही ओढणीआड हसायची, आणि चहा गडद करायची.

नव्या विहिरीचं काम सुरू झालं आणि भर दुपारी, सावली पायाखाली गोळा होते त्या वेळी, तिच्या तळहातात दोन हिसके आले.

ते पहिल्यांदा आले तेव्हा तिनं तत्काळ हात वर केला. सांडणी चालू लागली. चारी वर आला, अंगभर वाळू, डोळे मिचकावत. "काय झालं? बादली अर्धीसुद्धा भरली नव्हती!"

तिनं दोराकडे बोट दाखवलं.

"मी? मी कुठं ओढलं! वहिनी, झोप लागली होती की काय? सारखं असं वर-खाली केलंस तर मला पाणी लागायच्या आधी म्हातारपण लागेल."

ते दुसऱ्यांदा आले तेव्हा तिनं हात वर केला नाही. दोर दोन्ही मुठींत आवळून बसली. ओठाखालची ओढणी ओली झाली. खाली कुदळीचा आवाज चालूच होता, ठक, ठक. काही झालं नाही. संध्याकाळी चारी गुणगुणत वर आला आणि भाकरी तोडताना म्हणाला, "आज वहिनीनं मला सुखानं काम करू दिलं."

त्या रात्री तिनं आपला तळहात विझत्या चुलीच्या उजेडात निरखला. हिसका कुणाचा, हे आता तिला कळणार नव्हतं. मेलेल्या हाताची ओढ खोटी मानून सोडून द्यायची सवय लागली, की जित्या हाताचीही सुटायची. चारीही जायचा. आणि तोही तिच्याच हातातून.

दुसऱ्या दिवशी चारी भल्या सकाळी उतरला. भिंती ढासळू नयेत म्हणून तो साक्सौल या वाळवंटी झुडपाच्या फांद्यांचा कूड विणत विणत खाली जात असे. दुपार झाली तेव्हा बादलीतली वाळू गडद, जड येऊ लागली होती. ओगुलनाबातनं मूठभर नाकाशी धरली. ओल्या मातीचा वास होता. पाणी जवळ आलं होतं.

तागान आगानं सांडणीला मागे आणून उभं केलं होतं, तिचं खोगीर सैल झालं होतं आणि तो वाकून पट्टा आवळत होता. पाठ तिच्याकडे. वारा नव्हता. ताकीर तापून पांढरं पडलं होतं. डोळ्यांना पाणी दिसत होतं, जिथं नव्हतं तिथं. त्या खोट्या पाण्यात पलीकडचा खळगा तरंगत होता.

दोराला हिसका बसला.

मग दुसरा.

तिनं हात वर केला. सासरा पट्ट्याशी झगडत होता. "अगं थांब ना, पोट आत घे," तो सांडणीला म्हणत होता. तिनं दोन्ही हात वर केले. खाली कुदळीचा आवाज येत होता का? येत नव्हता. तळहातात एक थंडपणा, उन्हात तापलेल्या दोरातून कुठून यावा असा. ती ओळखत होती तो हिसका. वर्षानुवर्षं होमातच्याच हाताचा दोर तिनं धरला होता.

ओढणीचं टोक दातांतून सुटलं.

"आगा! ओढा! आगा, सांडणी हाका!"

तागान आगा असा दचकला की पट्टा हातातून निसटला. त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी परकी बाई ताकीरवर आली असावी. मग सुनेचं उघडं तोंड दिसलं.

"हाका ना!" ती किंचाळली.

त्यानं सांडणीच्या पाठीवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. सांडणी ओरडली, उसळली, धावली. चाक करकरलं. दोर सरसर वर आला, आणि कमरेला त्याचं टोक बांधलेला चारी, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला, एक चप्पल गायब, चेहरा राखेचा. तो काठावर पालथा पडला. त्याच्यामागे खालून एक लांब, घोगरा उसासा आला. कूड मोडला होता. वाळू वाहत होती.

सांडणी पलीकडे जाऊन थबकली. मग चारी उठून बसला.

"भिंत फुगली," तो म्हणाला. "मी पाठ लावून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ओरडत होतो. ऐकू येत होतं का?"

"नाही," ओगुलनाबात म्हणाली.

"मग तुला कळलं कसं?"

"तू दोन हिसके दिलेस."

चारीनं आपले हात तिच्यासमोर धरले. बोटं अजून वाकडी होती, फांद्यांच्या सालीनं सोललेली. "वहिनी, हे दोन्ही भिंतीवर होते. एकही काढला असता तर मी आत्ता इथं नसतो. हिसका द्यायला हात होता कुठं?"

तागान आगा सांडणीला तशीच सोडून आला. काठाशी उभा राहिला. आज त्यानं सांडणीमार्फत विचारलं नाही.

"सूनबाई," तो म्हणाला, "त्या दिवशीही हिसके आले होते?"

"हो, आगा."

"किती?"

"दोन."

"तू हाक मारली नाहीस."

"तुम्ही समोर होतात."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची मेंढीच्या लोकरीची टोपी काढली. तिच्यासमोर त्यानं ती कधी काढली नव्हती. टक्कल घामानं चमकत होतं. "तू लग्न होऊन आलीस त्या सकाळी," तो म्हणाला, "तू अंगणात कोकराला हाक मारलीस. मी तुझ्या सासूला म्हणालो, या घरात सुनेचा आवाज वाऱ्यालाही ऐकू येता कामा नये. अभिमानानं म्हणालो."

"होय, आगा. मी आत होते. ऐकलं होतं."

त्यानं मान हलवली, जशी बाजारात भाव मान्य करताना हलवतात. मग वळला आणि चालत चालत जुन्या खळग्यापाशी गेला. तिथं ताकीरवर बसला, त्यांच्याकडे पाठ करून.

"चारी," तो न वळता ओरडला, "तिला सांग..." मग थांबला. "नको. सूनबाई, तूच ऐक. माझ्या लेकासाठी अजून कुणी धड रडलेलं नाही. मी बसलोय इथं. मला ऐकू येऊ दे."

तिला आधी सूरच सापडेना. गळा गंजलेल्या चाकासारखा करकरला. मग माहेरच्या टेकड्यांवरची ती जुनी ओढ आली, आणि आवाज ताकीरभर पसरला:

*उतरला माझा राजा, खाली ओल्या अंधारात,*
*वर ओढीन म्हणाले, राहिला गं दोर हातात.*

*दोन वेळा दिली साद, मुक्या दोराच्या तोंडानं,*
*ऐकली रे ऐकली मी, उशीर केला ओठानं.*

केंद्राचा ट्रक आला. प्योत्र ल्वोविच खाली उतरला, पाणी लागलं का विचारायला. त्यानं ढासळलेली कड पाहिली, गाणारी बाई पाहिली, आणि खळग्याशी बोडक्या डोक्यानं बसलेला म्हातारा पाहिला. त्यानं इंजिन बंद करायला सांगितलं आणि स्वतःची टोपी काढून ट्रकच्या सावलीत उभा राहिला.

चारीनं चाकावरून दोर काढला आणि गुंडाळायला घेतला. मध्येच थांबायचा, दोर तळहातावर ताणून धरायचा, जरा वेळ वाट पाहायचा. मग पुढचा वेढा घ्यायचा.