धुतलेल्या काचा

रंग आणायला गेलेली माहेनूर दोन-तीन तासांनी परतली आणि मागखात्याच्या दारातच थबकली. या बंद कापडगिरणीचं चित्र काढताना ती सहा आठवडे ज्या उजेडाशी झटत होती, तोच नाहीसा झाला होता. धुळीनं माखलेल्या उंच काचांतून गाळून येणारा, लोखंडी खांबांना मऊ करणारा पिवळट उजेड. आता खांब लख्ख, त्यांच्या कडा करकरीत.

शिडीवर तिचे वडील राजेसाब, हातात ओला फडका. खाली शिडी धरून पहारेकरी धुळाप्पा.

“अब्बा! काय केलंत हे?”

“सात खिडक्या झाल्या, दोनच राहिल्या,” ते खुशीत म्हणाले. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले होते. तिचा सूर त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

“पोरीला उजेड कमी पडतोय म्हनले चाचा,” धुळाप्पा म्हणाला. “लई झटलेत की.”

“उतरा आधी!”

ते उतरले. त्यांच्या तोंडासमोर उभं राहून तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “मला ती धूळच हवी होती.”

“धुळीचं चित्र?” त्यांना खरंच कळेना. “तीस वर्षं माग चालवला हितं, काचा कधी अशा ठिवल्या न्हाईत. आन् रोज नुसतं बसून मी करू तरी काय?”

“उद्यापासून येऊच नका.”

हे मात्र त्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना ते कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत.

अब्बांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकून ती गिरणीत आली. अर्धं चित्र जुन्या उजेडातलं, खातं मात्र आता नव्या उजेडात. तिनं खांबाची सावली निळी केली, खरवडली. राखाडी केली, तीही खरवडली. काचांवर पुन्हा धूळ बसायला किती दिवस लागतील, असा विचार मनात आला आणि तिला स्वतःचाच संताप आला.

धुळाप्पा बादली घेऊन आला. “त्या दोन बी करू का, ताई? चाचांच्या राहिल्यात.”

“हात लावू नका, मामा! पुरे झालं तुमचं धुणं.”

तो बादली उचलून निघून गेला. खात्यात कुणी उरलं नाही, आणि ब्रश जागचा हलेना. रोज अब्बा शेजारी येऊन बसेपर्यंत तिनं इथं एकही रेघ कधी ओढली नव्हती. हे तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं.

“अब्बा,” ती त्यांच्याशी बोलायची तशीच, मोठ्यानं म्हणाली, “तुम्ही नुसते बसलात ना, की माझा हात चालायचा.”