डाव्या बाजूचा पोचा

माजिवड्याचा एक जुना कारखाना पाडायला काढला, तेव्हा मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली रेसची गाडी सापडली. एका माणसापुरती, वरून उघडी, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची. नाकाच्या डाव्या बाजूला एवढा खोल पोचा होता की पत्रा आत वळून थेट चाकाला टेकला होता. कारखाना नीला गुप्ते यांच्या वडलांचा. नीलाताईंनी गाडी टेंपोत चढवून डोंबिवलीला, साईनाथ शिगवणच्या गाळ्यावर पाठवली.

साईनाथचा गाळा एमआयडीसीत, केमिकल कंपन्यांच्या रांगेला लागून. अपघातातल्या गाड्या ठोकून सरळ करणं हा त्याचा रोजचा धंदा. पण अॅल्युमिनियम हातानं घडवणारा म्हणून त्याचं नाव ठाण्यापर्यंत पोचलं होतं. रंगाचं काम त्याची बायको संचिता करायची. लग्नानंतर नवऱ्याला डबा द्यायला म्हणून यायला लागलेली, ती हळूहळू रंग जुळवायला शिकली आणि आता गिऱ्हाईक आधी तिलाच विचारायचं.

टेंपोच्या मागोमाग नीलाताई स्वतः आल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, हातात काठी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या. गाडीपासून चार हात लांबच उभ्या राहिल्या.

"माझ्या भावाची गाडी आहे. आनंदची," त्या म्हणाल्या. "मद्रासकडे एका धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथेच गेला तो, ह्याच गाडीत. मला बॉडी पूर्वीसारखी करून हवी आहे. ठाण्यातली एक संस्था ती त्यांच्या हॉलमध्ये ठेवणार आहे. फक्त एक अट आहे. इंजिन, स्टीअरिंग, चाकं, कशालाही हात लावायचा नाही. ही गाडी चालता कामा नये."

"चालवायची नाही तर मी कशाला हात लावू, मॅडम," साईनाथ हसत म्हणाला.

नीलाताई हसल्या नाहीत. "एवढंच लक्षात ठेवा," म्हणाल्या आणि निघाल्या.

काम सुरू झालं. साईनाथ पत्र्यावर कपडे धुवायचा साबण चोळायचा, मागून गॅसची ज्योत फिरवायचा आणि साबण काळा पडला की थांबायचा. मग तो मऊ झालेला पत्रा वाळूच्या पिशवीवर घेऊन लाकडी हातोडीनं हलके हलके ठोकायचा. जुना पत्रा, चिरायची भीती. पण या पत्र्यानं त्याला त्रास दिला नाही. उलट तो म्हणायचा, की मी सांगायच्या आधीच हा वळतो. संचिताला ते ऐकून बरं वाटलं नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं.

तिच्याकडे जुना रंग काढायचं काम होतं. ती पाणी मारून पॉलिश पेपर घासत बसली. वरचा रंग निळा. पोच्यापाशी निळ्याखाली पुट्टी लागली. पुट्टीखाली क्रीम रंग. क्रीमखाली पुन्हा पुट्टी, आणि तिच्याखाली, अगदी तळाला, गडद हिरवा. बाकीच्या गाडीवर पुट्टीचा कण नव्हता.

"अहो, इकडे या," तिनं हाक मारली. "ही गाडी एकदा नाही ठोकलेली. हिरवी होती तेव्हा ठोकली, क्रीम होती तेव्हा ठोकली, आणि निळी असताना ते गेले. तिन्ही वेळा इथेच. हाताचा पंजा ठेवा, त्याच्या आतबाहेर नाही."

साईनाथनं खरंच पंजा ठेवून पाहिला. बराच वेळ उचलला नाही.

"म्हणजे डावीकडे ओढते," तो म्हणाला. "काहीतरी चुकलंय हिच्यात. तिन्ही वेळा कुणालाच कळलं नाही."

"आपल्याला काय करायचंय? आपण बॉडी करून द्यायची."

"हो ना. मी नुसतं म्हणतोय."

पण ते नुसतं म्हणणं राहिलं नाही. जेवताना तो पोळीचा घास हातात धरून थांबायचा. शेजारच्या गाळ्यात राकेश होता, त्याचं लेथ मशीन होतं, इंजिनाची कामं करायचा. पूर्वी दोघं चहापुरते भेटायचे. आता राकेश गाडीखाली झोपलेला दिसायला लागला. संचिता रंगाचे डबे आणायला कल्याणला जाऊन आली की गाडीची चाकं वेगळ्याच दिशेला वळलेली असायची. तिनं विचारलं तर साईनाथ म्हणायचा, "पत्रा बसवताना चाक आडवं येतं गं."

वारा गाळ्याकडे फिरला की कंपन्यांचा वास आत शिरायचा. डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. इतकी वर्षं साईनाथ अशा वेळी शटर अर्धं ओढून घ्यायचा. आता तो तसाच काम करत राहायचा, डोळ्यांतून पाणी गळत असलं तरी. एका दुपारी संचिता गाळ्यावर परतली, तर आतून इंजिनाचा आवाज येत होता. कोरडा, तुटक, खोकल्यासारखा. मग तो एकदम जुळला आणि पत्र्याची भिंत थरथरायला लागली.

साईनाथ गाडीत बसला होता. तिला बघून त्यानं इंजिन बंद केलं.

"तुम्ही शब्द दिलेला," ती म्हणाली.

"सापडलं मला," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तिला पुढचं बोलवेना. "डाव्या चाकाला स्टीअरिंगचा जो दांडा येतो ना, तो वाकडा आहे. जरासाच. डोळ्याला दिसत नाही. राकेशनं नवीन करून दिला. बसवला की गाडी सरळ. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस गेला, संचिता. आता हे न करता मी वरून रंग मारून देऊ? त्या माणसाला काय वाटेल?"

"तो माणूस आता नाहीये."

 फडकं घेऊन साईनाथ स्टीअरिंग पुसत राहिला.

एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी साईनाथ लवकर निघाला. रंगाआधी पत्र्याला पॉलिश करायचं राहिलंय म्हणाला. पॉलिशचा डबा घरातच खिडकीत होता. संचितानं त्याला फोन केला, त्यानं उचलला नाही. गाळ्यावर जाऊन भांडण करण्यात अर्थ नव्हता, तो ऐकणार नव्हता. गाडी जिची, तिचंच ऐकेल, असं तिला वाटलं. तिनं सरळ ठाण्यात, वर्तकनगरला नीलाताईंचं घर गाठलं.

नीलाताईंनी दार उघडलं. संचितानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटलं होतं, बाई चिडतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि काठी मांडीवर आडवी धरली.

"काय सापडलं म्हणाले?"

"स्टीअरिंगचा दांडा. वाकडा होता."

"असेलच वाकडा," नीलाताई म्हणाल्या. "खोटं नाही बोलत ते. संचिता, ती गाडी आनंदनं आणि मी मिळून बांधली. हिरवी होती तेव्हा मी चालवत होते. बावीस वर्षांची होते. सरळ रस्त्यावर ती डावीकडे गेली आणि माझं खुब्याचं हाड मोडलं. आनंदनं सगळी गाडी उघडली. ब्रेकचा ड्रम अंडाकृती झालेला सापडला. खरोखर झाला होता, मी हातात घेऊन पाहिला. तो बदलला, गाडी क्रीम रंगवली. आनंदच्या मित्रानं चालवली. त्याचे डोळे गेले. मग चासीची एक नळी वाकलेली सापडली. तीही खरीच वाकलेली होती. ती बदलली, निळा रंग दिला, आणि आनंद म्हणाला, आता दुसऱ्या कुणाला बसवणार नाही, मीच बसतो."

"मग तुम्ही मोडून का नाही टाकली?"

"त्या पत्र्यावर त्याच्या हातोडीच्या खुणा आहेत," त्या म्हणाल्या. "वडलांच्यानं मोडवली नाही, माझ्यानंही नाही. वाटलं, काचेपलीकडे उभी राहील, लोक लांबून बघतील. बॉडीपुरतंच काम द्यायचं ठरवलं होतं मी. पण ज्याला पत्रा कळतो, तो बॉडीपाशी थांबत नाही. हे मला कळायला हवं होतं." त्यांनी काठी टेकली. "चल. टॅक्सी बोलाव."

माणकोलीच्या पुलावरून टॅक्सी वेगात निघाली. नीलाताई साईनाथला फोन लावत होत्या, तो वाजून वाजून बंद होत होता. संचिता खाडीकडे बघत बसली. 

गाळ्याचं शटर वर होतं आणि आत गाडी नव्हती. जमिनीवर तेलाचा काळा डाग. राकेश रस्त्यावर उभा होता. नीलाताईंना पाहून त्याचा चेहरा उतरला.

"एकच राउंड म्हणाला, मॅडम. रस्ता खाली आहे. मस्त चाललीय, एकदम सरळ. मी पण बघितलं ना."

बंद कंपन्यांच्या भिंतींवर आवाज आपटत येत होता. मग रस्त्याच्या टोकाला गाडी दिसली. साईनाथनं तिला पुन्हा हिरवा रंग दिला होता, तळाचा, पहिला. संचितानं तो मिसळला नव्हता. तो त्यानं तिच्या नकळत, आदल्या रात्री गाळ्यावर थांबून स्वतः जुळवला होता. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ येत होती. साईनाथनं त्यांना पाहिलं, एक हात वर केला. त्याचे दात दिसले.

रस्ता जिथे नाल्यावरून जातो तिथे डाव्या अंगाला भीमाबाईची चहाची टपरी होती. सुट्टीच्या दिवशीही वॉचमन लोकांसाठी ती चालू असायची. बाकड्यावर कुणी नव्हतं. स्टोव्ह पेटलेला होता, त्यावर पातेलं होतं.

रस्त्यात खड्डा नव्हता, काही आडवं आलं नव्हतं. ब्रेकचा आवाजही झाला नाही. गाडीनं नुसती डावी बाजू धरली, कुणी ओळखीचं दिसल्यावर माणूस रस्ता सोडून वळतो तशी, आणि टपरीत शिरली. पत्रे उडाले. पातेलं गरगरत रस्त्याच्या मध्यापर्यंत आलं.

संचिता धावत टपरीपाशी पोचली. साईनाथ गाडीत बसलेलाच होता. कपाळाला खोक पडून रक्त डोळ्यात उतरत होतं. दोन्ही हात स्टीअरिंगवर, उजवीकडे पूर्ण वळवलेले.

"मी उजवीकडे वळवतोय," तो म्हणाला. "बघ ना. उजवीकडेच आहे."

राकेशनं त्याला ओढून बाहेर काढलं. टपरीच्या मागे, नाल्याच्या कठड्यापाशी, भीमाबाई पाण्याचा हंडा घेऊन उभी होती. पाणी भरायला ती पलीकडच्या नळावर गेली होती. तिनं हंडा खाली ठेवला नाही. ती आपल्या बसायच्या खोक्याकडे बघत होती. ते गाडीच्या नाकाखाली गेलं होतं आणि त्याच्या फळ्यांचा भुगा झाला होता.

"मी तिथं बसते," ती शेवटी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

साईनाथच्या कपाळाला टाके पडले. टपरी त्यानं आणि राकेशनं नव्यानं उभी करून दिली, पण भीमाबाई त्या जागी पुन्हा बसली नाही. तिनं टपरी रस्त्याच्या उजव्या अंगाला हलवायला लावली.

गाडी गाळ्यात परत आली. नाकाच्या डाव्या बाजूला पंजाएवढ्या जागेत पत्रा आत गेला होता. नीलाताई या वेळी जवळ आल्या, पोच्यावरून बोटं फिरवली.

"तोडा," त्या म्हणाल्या. "आता मी सांगते. बॉडीसुद्धा ठेवायची नाही."

साईनाथ खाली बघत राहिला. कामाला हात लावला तो संचितानं. तिनं गॉगल चढवला, ग्राइंडर घेतला आणि चासीची पहिली नळी कापली. ठिणग्या भिंतीपर्यंत उडत होत्या. प्रत्येक तुकडा पडला की राकेश तो उचलून उजेडात न्यायचा, कापलेल्या टोकात डोकावायचा, तडा दिसतो का बघायचा. दांडे, नळ्या, बुशिंग, सगळं त्यानं मांडून पाहिलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "गंज नाही, क्रॅक नाही. सगळं चांगलंय."

साईनाथनं मान वर केली. "मग गेली कशी?"

 नीलाताई दारातल्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी विचारलं, "झालं का?"

भंगारवाला आला, तुकडे टेंपोत भरायला लागला. इंजिनापाशी येऊन तो थांबला. बाहेरून पुसून लख्ख केलेलं होतं ते.

"हे चालू आहे का? चालू असेल तर भंगारात नको. असली जुनी मशीन घेणारे आहेत माझ्याकडे. लगेच जाईल."

साईनाथनं तोंड उघडलं. तो काय म्हणणार होता, हे संचिताला आजही माहीत नाही. तिनं कोपऱ्यातला मोठा घण उचलला. दोन्ही हातांनी, कसाबसा. पहिल्या घावाला इंजिनावर नुसता ओरखडा उठला. ती घाव घालत राहिली, खांदे भरून आले तरी, आणि शेवटी बिडाला तडा गेला. आतलं तेल हळूच बाहेर येऊन तिच्या चपलांपर्यंत पसरलं. साईनाथ तोंड फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"आता न्या," ती भंगारवाल्याला म्हणाली.

नीलाताईंचा नंतर फोन यायचा, साईनाथची चौकशी करायच्या. त्याचं बरं चाललं होतं. कामं येत होती, तो पूर्वीसारखा जेवत होता, वास आला की शटर ओढून घेत होता. गाडीचा विषय घरात निघाला नाही.

फक्त कधी दोघं स्कूटरवरून तिच्या माहेरी निघाले आणि शिळफाट्याच्या रस्त्यावर सरळ, मोकळा तुकडा लागला, की साईनाथ हँडलवरचे दोन्ही हात अलगद उचलतो. क्षणभरच. स्कूटर कुठे जाते ते बघतो. संचिता मागे बसलेली असते. ती त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरते आणि तीही बघत राहते.