चारशे बाटल्या आणि एक चादर

अंगणातल्या बांबूला फुलं आली. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो, हे बाबांना सांगायची गरज नव्हती. माझ्या जन्माच्या वर्षी तो त्यांनीच लावला होता.

मी म्हटलं, "काळजी करू नका. गेल्या वर्षीच याच्या पेरांवरचे, कोंब फुटतात ते डोळे कापून लॅबमध्ये नेलेत. त्यांच्यापासून आज बाटल्यांत चारशे रोपं वाढताहेत. हाच बांबू."

"हाच ना? मग वयही हेच," ते म्हणाले.

मला रागच आला. सोळा वर्षं मी हे काम करते आणि धडे यांनी द्यायचे.

दोन महिन्यांनी बाटल्या तपासताना बोटाएवढ्या रोपाला फूल दिसलं. मग शेजारच्या बाटलीत, मग सगळ्या रांगेत. म्हाताऱ्या बांबूचे डोळे घेऊ नयेत, हे नव्या मुलींना मीच शिकवते. घरच्या बांबूपुढे मात्र माझी अक्कल गहाण पडली होती.

घरी आले तेव्हा बाबा बांबूखाली चादर अंथरून झडलेलं बी वेचत होते. मीही शेजारी बसून वेचू लागले.

"हे लाव," त्यांनी ओंजळ माझ्या हातात रिकामी केली. "आणि चादर जपून ठेव. पुढच्या वेळी तुलाच अंथरायची आहे."